नवाबाच्या जागी

माझ्या नोकरीत मी काही महिने एका बैलाच्या जागी काम केलं आहे. नियुक्तीच्या आदेशात तसं काही लिहिलेलं नव्हतं आणि सेवापुस्तकातही त्याची नोंद सापडणार नाही. पण देवणीकडच्या एका गावातली म्हातारी माणसं मला अजून पदनामानं ओळखत नाहीत. “नवाबाच्या जागी आलते ते सायेब,” असं म्हणतात. नवाब हे त्या बैलाचं नाव.

आधी माझं मूळ काम काय होतं ते सांगतो. लोकांना आईबाप कसं व्हावं हे शिकवणं. हसू नका, त्याचा पगार मिळायचा. खेडोपाडी पालकांचे मेळावे घ्यायचे, लेकरांना लस द्या, मारू नका, मुलीला शाळेतून काढू नका, रोज पोरांशी चार शब्द बोला असं सांगायचं, आणि कुठल्या घरात मुलांकडे कसं लक्ष दिलं जातं ते बघून वर कळवायचं. मी नांदेडचा. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याला माणसं कमी पडत होती, म्हणून आम्हाला शेजारून उसनं नेलं होतं. ऑफिस मिळालं होतं, पाटी लागली होती, खुर्च्या मात्र उस्मानाबादहून यायच्या होत्या. आम्ही टेबलांवर बसायचो आणि मोठे साहेब आले की उतरून टेबलामागे उभे राहायचो.

आठवडाभर लातूर आणि शनिवारी एस.टी.नं नांदेड. घरी बायको, लहानगा बाळ्या आणि माझे वडील. वडील रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाल्यावर दारासमोर बाज टाकून दिवसभर वर्तमानपत्र वाचायचे. मी पोचलो की आधी अंगणातली सायकल पुसायचो, हवा बघायचो. आठवडाभर बिचारी उभी असायची.

माझा स्वभाव अपराधी आहे, हेही सांगून टाकतो. एस.टी.त एखादी म्हातारी उभी दिसली की मला लाज वाटते, मी स्वतः उभा असलो तरी. त्या वर्षी पाऊस पडला नाही, तेव्हा लोकांच्या नजरेला नजर देताना मला कसंतरी व्हायचं. सरकारी माणूस म्हणून थोडी जबाबदारी आपलीही आहे असं वाटायचं.

माझं हत्यार म्हणजे फ्लॅनेलचा फळा. गुंडाळून काखेत न्यायचा, भिंतीला टांगायचा आणि त्यावर कागदी चित्रं लावायची: बाप, आई, दोन मुलं, कौलारू घर, विहीर. चित्रांच्या पाठीला खरखरीत कागद असतो, त्यामुळे ती चिकटून राहतात. निदान ज्या गावी हा फळा बनला तिथे राहत असावीत. आमच्याकडच्या गरम वाऱ्यात सगळ्यात आधी बाप पडायचा. दर गावात बापच, कारण त्याचं चित्र सगळ्यात मोठं होतं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीनं विहिरीकडे बोट दाखवून विचारलं होतं, “सायेब, ही हीर कुठल्या गावची हाय? टँकर तिकडंच धाडावं म्हन्ते.”

एका गावी गुरुजींनी मला टँकरच्या रांगेपाशीच मेळावा घ्यायला लावला. दुष्काळात रांगेत माणसं नसतात, घागरी असतात. घागर म्हणजे माणूस, असा तिथला कायदा. बायका लांब लिंबाच्या सावलीला बसल्या आणि मी उन्हात घागरींसमोर बालसंगोपनावर बोललो. गुरुजींनी हजेरीत घागरी मोजल्या. “चांगल्या ऐकत होत्या,” नंतर म्हणाले, “मधी एक बी बोलली न्हाई.”

तर अशा दिवसांत नव्या जिल्ह्याचा पहिला पालक मेळावा लातूरला भरवायचं ठरलं. प्रत्येक भागातून एक आदर्श पिता निवडायचा आणि त्याला मुलासह मंचावर आणायचं. आदर्श माता का नको, असं मी विचारलं. मोठे साहेब म्हणाले, माता असतातच आदर्श, त्यात शोधायचं काय?

माझ्या वाट्याला देवणीचा भाग आला. देवणी आता तालुका आहे, तेव्हा नव्हता. एस.टी. जिथे संपायची त्या गावात उतरलो आणि शाळेच्या खोलीत मुक्काम टाकला. तिथल्या गुरुजींनी सोपानआप्पांचं घर सुचवलं. माळवदाचं घर, तीन पिढ्या एकत्र. ओसरीवर बाजेवर आप्पा, पांढरा फेटा, हातात काठी. त्यांचा थोरला मुलगा दगडू, धाकटा वैजनाथ. दगडूला एक पोरगा होता आणि वैजनाथला कमळ नावाची मुलगी. ती पहिलीत होती. ओसरीच्या समोर गोठा आणि गोठ्यात नवाब. अस्सल वानेरा देवणी, अंग पांढरं आणि तोंड काळं, प्रदर्शनात बक्षीस घेतलेला. दुष्काळात बरगड्या दिसायला लागल्या होत्या, तरी ऐट तीच.

मी दोन-तीन संध्याकाळी ओसरीवर जाऊन बसलो आणि वैजनाथला पारखलं. तो रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचा. घरी आला की तांब्याभर पाण्यात हातपाय धुवायचा, जाता जाता दगडूच्या पोराचा गालगुच्चा घ्यायचा आणि थेट गोठ्यात शिरायचा. स्वतःची मुलगी गव्हाणीआड बसून कडब्याच्या काड्या मोडत असायची, तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. बैलाच्या पाठीवर हात फिरवत बैलाशीच बोलायचा.

“नवाब, जेवला का?”

गव्हाणीआडून कमळ सांगायची, “नवाब अर्धीच भाकर जेवला.”

“अर्धीच? का बरं?”

“कालवण तिखट हुतं.”

“आन नवाबाला आज शाळंत काय शिकिवलं?”

“पाढे. नवाबाला सातचा येत न्हाई.”

वाचणाऱ्याला एव्हाना सगळं कळलं असेल. मला कळलं नाही. मी बी.ए. होतो आणि शिवाय प्रशिक्षण घेतलेलं होतं. मी मनात पक्कं केलं की हा बाप मुलीकडे साफ दुर्लक्ष करतो, बैलाशी बोलतो, इतकंच नव्हे तर बैलाला पाढे विचारतो, तेव्हा याची तपासणी झाली पाहिजे. मुलगी मात्र हुशार वाटली, कारण बैलाची बाजू ती चांगली सांभाळत होती.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर मेळावा घेतला. मी वैजनाथकडे बघत म्हणालो की काही बाप घरच्या लेकरापेक्षा जनावराला जास्त जीव लावतात. सगळं गाव गप्प झालं. मला वाटलं, भाषण लागलं. कुणीतरी खोकलं आणि फळ्यावरचा बाप पडला.

परत जाताना फळा गुरुजींनी स्वतःच्या काखेत घेतला. शाळेपाशी आल्यावर म्हणाले, “सायेब, तो पोरीशीच बोलतो की.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. आप्पा ओसरीवर बसलेले असतात. वडिलांच्या देखत आपलं लेकरू उचलायचं नाही, त्याचा लाड करायचा नाही, त्याला नावानं हाक मारून बोलायचं नाही. तो निर्लज्जपणा. भावाचं घ्या, शेजाऱ्याचं घ्या, आपलं नाही. दगडूचा पोरगा वैजनाथला काका म्हणतो म्हणून कमळही त्याला काकाच म्हणते. मी विचारलं, मग आप्पा घरात जातात तेव्हा तरी? गुरुजी म्हणाले, आप्पा घरात कशाला जातील? गडीमाणूस, ओसरीवरच असतो.

वरून आलेल्या सूचनांत छापलेलं असायचं की पालकत्वाचा दर्जा शिक्षणावर, उत्पन्नावर, व्यसनावर आणि मुलांच्या संख्येवर ठरतो. ते खोटं नाही. दारू पिणारे बाप मी पाहिलेत, आणि पाण्याच्या खेपा घालून दमलेल्या आईच्या हातून पोराला बसलेला धपाटाही पाहिलाय. ती आई वाईट नव्हती, विहीर लांब होती. पण ओसरीवर कोण बसलंय, हा प्रश्न त्या सूचनांत नव्हता. तो मला नवाबामुळे कळला.

मी वैजनाथची माफी मागायला खडीच्या ढिगापाशी गेलो. तो लाजून लाल झाला आणि म्हणाला, तुमचं काय चुकलं सायेब, बैलावर जीव हायच की माजा. माझं समाधान झालं नाही. त्यात त्याच आठवड्यात उदगीरच्या पलीकडे चारा छावणी उघडली आणि आप्पांनी नवाबाला दगडूबरोबर तिकडे पाठवून दिलं. हे माझ्या भाषणामुळेच झालं अशी माझी खात्री पटली. मी आप्पांसमोर जवळजवळ हात जोडून तसं बोललो.

आप्पांनी माझ्याकडे नीट बघितलं. “सायेब,” ते म्हणाले, “तुमच्या भाषणानं पारावरचं कुत्रं बी उठलं न्हाई. कडबा सरला म्हनून बैल गेला.”

मी लातूरला गेलो आणि पुढच्या फेरीला परत आलो, तेव्हा घर बिघडलं होतं. कमळ शाळेत जात नव्हती. रिकाम्या गव्हाणीआड बसून असायची आणि बोलत नव्हती. तिच्या आईनं, मुक्तानं, मला आडून सांगितलं की ताप नाही, पोट नाही, पण बैल गेल्यापासून पोर गप्प झालीय आणि भाकर तशीच ठेवतीय. मुक्ता आई होती, तिनं विचारून बघितलं होतं. पण पोरीला दिवसभराचा हिशेब संध्याकाळी त्या ठरलेल्या जागी, त्या ठरलेल्या माणसाला द्यायची सवय होती.

मी ओसरीच्या खाली, गोठ्याच्या तोंडाशी गोणपाटावर बसून चहा पीत होतो. वैजनाथ कामावरून आला. सवयीनं गोठ्यात शिरला, मोकळ्या दाव्याला हात लावून उभा राहिला. गव्हाणीआड पोरगी, समोर ओसरीवर बाप. त्याचे ओठ हलले आणि थांबले. मग त्याची नजर माझ्यावर पडली. मी दोघांच्या बरोबर मध्ये बसलो होतो.

“सायेब,” तो म्हणाला, “जेवला का?”

मी हो म्हणालो. माझा शाळेतच डाळभात झाला होता.

“सायबानं भाकर का टाकली मग?”

मी गोंधळलो. मी भाकर टाकली नव्हती. तसं सांगायला तोंड उघडलं.

“सायेब, आज शाळंत गेला न्हाई म्हन.”

मी शाळेतच मुक्कामाला होतो. मी तेही सांगणार, तेवढ्यात गव्हाणीआडून आवाज आला, बारीक, बरेच दिवस न वापरलेला:

“सायेब न्हाई गेला. सायबाला करमत न्हाई.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. वैजनाथ माझ्याकडेच बघत होता, पण त्याचे डोळे भरले होते, आणि ते माझ्यासाठी नव्हते. मी तोंड मिटलं आणि मान हलवली. नवाब हलवायचा तशी, सावकाश.

“सायबानं उद्या जावं,” तो म्हणाला.

“सायेब जाईल,” गव्हाणीनं उत्तर दिलं.

ती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. आणि मी त्या गावी वारंवार जाऊ लागलो. ऑफिसला वाटलं, मी सखोल अभ्यास करतोय. मी गोणपाटावर बसायचो आणि वैजनाथ मला विचारायचा. सायबाचं नाक गळायलंय, पुसावं. मी माझं कोरडं नाक पुसायचो, आड बसून कमळ तिचं पुसायची. सायबानं केस का इंचरले न्हाईत? मी डोक्यावरून हात फिरवायचो. एकदा बोलण्याच्या नादात वैजनाथनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढ्यात कडब्याची पेंडी टाकली. मी खाल्ली नाही, पण बाजूलाही सारली नाही.

या कामाचा एक नियम होता: बैलानं बोलायचं नाही. इतकी भाषणं देऊन मला जे जमलं नव्हतं ते गप्प बसून जमत होतं, याचं थोडं वाईटही वाटायचं.

घोटाळा झाला तो लस टोचायला आलेल्या नर्सबाईंमुळे. त्या दारात उभ्या असताना वैजनाथ मला विचारत होता की सायबानं रामीला का मारलं, आणि आतून उत्तर आलं की रामीनं आधी सायबाची पाटी फोडली. बाईंनी हे ऐकलं आणि प्रामाणिकपणे लातूरला सांगितलं. मोठ्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “रामी कोण?”

मी खरं ते सांगितलं. बैल, गव्हाण, ओसरी, सगळं. साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही थोडी रजा घ्या.”

रजेऐवजी मी आदर्श पिता म्हणून वैजनाथचं नाव दिलं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी खुर्च्या आल्या. सगळ्या मंडपात मांडल्या. वैजनाथ नवा सदरा घालून आला, कमळनं दोन वेण्या घातल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत, अर्थातच, आप्पा. मुलगा आणि नात जिल्ह्याच्या गावी जाणार आणि घरचा मोठा माणूस मागे राहणार, हे कसं शक्य होतं? आयोजकांनी फेटा बघून त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. मी काखेत फळा धरून माइकपाशी उभा होतो, आणि मंचावरून आधी दिसत होते ते आप्पाच.

आदर्श पिते एकेक करून मंचावर आले. फोटोग्राफर म्हणायचा, मुलाला कडेवर घ्या, हसा. लातूर शहरातल्या एका कारकुनानं सराईतपणे मुलाला उचललं. औशाच्या मास्तरांनी तर दोन्ही मुलं उचलली. मग वैजनाथचं नाव पुकारलं.

तो कमळचा हात न धरता, तिच्यापासून हातभर लांबून चालत आला. फोटोग्राफर म्हणाला, घ्या मुलीला. वैजनाथनं समोर बघितलं. काठीवर हनुवटी टेकून आप्पा त्याच्याकडेच बघत होते. वैजनाथचे हात पुढे झाले आणि मागे गेले. कमळनं आपले दोन्ही हात वर केले होते. लाउडस्पीकरवरून पुन्हा सूचना झाली. मंडपात कुजबूज सुरू झाली, आणि कमळचे हात हळूहळू खाली यायला लागले. एवढ्या लोकांसमोर ते पूर्ण खाली आले असते, तर ती पुन्हा गव्हाणीआड जाऊन बसली असती आणि या वेळी कुठलाही बैल तिला बाहेर काढू शकला नसता, हे मला दिसत होतं.

वैजनाथलाही दिसलं असावं. त्यानं घाईघाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला मी दिसलो. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. तो माझ्याकडे आला, वाकला, माझ्या गुडघ्यांना मिठी घातली आणि मला उचललं.

खडी फोडणारे हात ते. मी अलगद वर गेलो. काखेतला फळा उलगडला आणि कागदी बाप मंचावर पडला. फोटोग्राफरनं बटण दाबलं. मंडपभर हशा पिकला. कमळही हसली, पण हात खालीच होते.

मी उंचावर होतो म्हणून पुढचं मला सगळ्यात चांगलं दिसलं. सोपानआप्पा उठले. हशा थांबला. त्यांनी आपली नवी खुर्ची धरली, करकर आवाज करत फिरवली आणि मंचाकडे पाठ करून, सगळ्या लोकांकडे तोंड करून बसले.

“माज्याकडं काय बगता?” ते लोकांना म्हणाले. “तिकडं बगा.”

वैजनाथनं मला खाली ठेवलं. काळजीपूर्वक, उभं. मग त्यानं कमळला उचललं. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि कानात काहीतरी विचारलं. माइक जवळ होता म्हणून ते मंडपभर ऐकू गेलं.

“तू जेवला का?”

बक्षीस औशाच्या मास्तरांना मिळालं. आमचा फोटो आला तो फक्त मला उचलल्याचा. मोठे साहेब चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलं की यातलं मूल कोणतं.

मी आप्पांना एस.टी. स्टँडपर्यंत पोचवायला गेलो. न राहवून विचारलं की तुम्हाला हे सगळं कधीपासून माहीत होतं?

“मला दिसत न्हाई व्हय?” आप्पा म्हणाले. “नवाबाचा आजा सुलतान. वैज्या ल्हान असताना माजा बाप बसायचा ओसरीवर. मी बी सुलतानालाच इचारायचो.”

मग इतकी वर्षं तुम्हीच का नाही पाठ फिरवली, असं मी विचारलं.

“ओसरीवर खुर्ची कुठं हाय?” ते म्हणाले. “बाज हाय. फिरत न्हाई.”

पुढच्या वर्षी पाऊस झाला, छावणी उठली आणि नवाब हाडं घेऊन परत आला. तो रुजू झाला आणि मी कार्यमुक्त झालो. एका मेळाव्यानं घर बदलतं असं मी म्हणणार नाही. वैजनाथ पुन्हा नवाबालाच विचारू लागला, कमळ गव्हाणीआडूनच सांगू लागली. फक्त मधूनमधून आप्पा पाणी प्यायला आत जायचे आणि तांब्या सापडत नाही म्हणून बराच वेळ तिथेच थांबायचे.

पण मेळावा झाला त्या शनिवारचं सांगायचं राहिलं. मी एस.टी.नं नांदेडला घरी पोचलो. दारासमोर बाजेवर वडील, तोंडासमोर वर्तमानपत्र. बाळ्या उंबऱ्यात बसलेला. मी सवयीनं सायकलीपाशी गेलो, फडकं काढलं, सीटवर हात फिरवला आणि नेहमीसारखं म्हणालो, “काय, हवा आहे का?”

“थोडी कमी आहे,” उंबऱ्यातून बाळ्या म्हणाला.

माझा हात सीटवरच थांबला. किती शनिवार तो असं उत्तर देत होता, मला आठवेना. मी लोकांच्या पोरांसाठी गावोगाव फळा टांगत हिंडलो होतो आणि स्वतःच्या पोराला वडिलांसमोर एकदाही उचललं नव्हतं. मी फडकं खाली ठेवलं, त्याच्यासमोर जाऊन उकिडवा बसलो आणि, आयुष्यात पहिल्यांदा, वडिलांच्या देखत त्याला सरळ विचारलं.

“बाळ्या, जेवलास का?”

तो घाबरला. आधी माझ्याकडे बघितलं, मग आजोबांकडे. मग उठून सायकलीपाशी गेला, तिच्या घंटीवर हात ठेवला आणि म्हणाला,

“जेवली.”

वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

“काय काय जेवली, तेही विचार,” पानाआडून वडील म्हणाले. “आणि उचलून घे तिला. दिवसभर उभी आहे.”